पदराला बांधलेली चाबी

१२ मार्च २००१
बॅटरीच्या एजंटाने दिलेली ही डायरी जानेवारीपासून कोरी पडून होती. आज दुकानाचा बोर्ड रंगवून झाला, म्हणून तिचाही मुहूर्त केला. 'ताराचंद ऑटो इलेक्ट्रिक, हिंगणघाट. जुन्या गाडीला विजेचा फॅन बसवून मिळेल.' ताराचंद म्हणजे माझे बाबा. ते जन्मभर किराणा विकत आले आणि करंटला इतके भ्यायचे की टॉर्चमध्ये सेलसुद्धा आई भरायची. पण बोर्डावर नाव वडिलांचंच पाहिजे, असं आईने ठरवलं, आणि आईने ठरवलं की झालंच.

धंद्याची कल्पना माझी. जुन्या गाडीचा फॅन इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी रेल्वेफाटकावर अडकली की इंजिन मंद, फॅन मंद, आणि पाणी उकळतं. उन्हाळ्यात आमच्या हायवेवर बघावं तिथे गाड्या तोंड उघडून उभ्या असतात. विजेच्या फॅनचं तसं नाही. रेडिएटरला एक थर्मो स्विच असतो. पाणी तापलं की तो रिलेला जागं करतो, रिले बॅटरीचा करंट फॅनला सोडतो. पाणी निवलं की फॅन आपला आपण बंद. माणसाने काही करायचं नाही.

वायरिंग रक्षा करते. रक्षा म्हणजे माझी बायको. तिचे वडील तानबा मिस्त्री अल्लीपुरात पंपांच्या मोटारी भरायचे, त्यांच्याजवळ बसून शिकली. मी गिऱ्हाईक सांभाळतो. गिऱ्हाईक सांभाळणं हे वायरी जोडण्याइतकं सोपं नसतं, पण सांगून कोणाला पटत नाही.

२१ मार्च
रक्षाला एक खोड आहे. प्रत्येक लाल वायरच्या टोकाला काळ्या टेपची बारीक गाठ मारते. गरज काय, विचारलं तर म्हणाली, "असू द्या." आज हिशेबाने अर्धी गुंडाळी गाठींतच गेली. मी बोललो तर आई मध्ये पडली.

"तुझ्यासाठीच मारते थे. लायनपनापासून तुले लाल-हिरवं समजत नाई. कच्ची मिरची अन् पिकली मिरची एकाच टोपलीत घालत होता तू."

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली. आईला कुठे काय बोलावं, कळत नाही. मला सगळं दिसतं. हल्ली वायरीच मातकट रंगाच्या येतात, त्याला मी काय करू.

२ एप्रिल
सात गाड्या झाल्या. अल्लीपूरच्या रूपरावची डिझेल टॅक्सी परवा झाली. आज तो नागपूरहून सवाऱ्या घेऊन आला, हसत उतरला आणि मला ओलांडून थेट रक्षाकडे गेला. "वहिनी, फाटकावर वीस मिनिटं उभा होतो, काटा हालला नाई. तानबा मिस्त्रीचा हात हाये तुमच्या हातात."

मी शेजारीच उभा होतो. बोर्डावर कोणाचं नाव आहे, हे वाचता येतं की नाही रूपरावला, देव जाणे.

दुकानाचा एक नियम रक्षाने घातला आहे. फॅनमध्ये हात घालायचा असेल तर गाडीची चाबी आधी आपल्या अंगावर हवी. ती चाबी पदराच्या टोकाला बांधते, गाठ ओढून बघते आणि मगच हात आत घालते. लोक कौतुकाने बघतात. जशी काय पूजाच चालली आहे.

१८ एप्रिल
आज कळलं की बाईसाहेबांनी तारतंत्रीच्या, म्हणजे वायरमनच्या, परीक्षेचा फॉर्म भरला आहे. सरकारी परवाना. प्रॅक्टिकल वर्ध्याला, २६ मे. नालवाडीच्या एका वसतिगृहात वायरमनची जागा निघणार आहे, परवाना असेल तर घेतील, असं तिला कोणीतरी सांगितलं. फॉर्मवर सही तिची, फोटो तिचा, आणि मला पत्ता नाही.

"तुमाले सांगनारच होती," म्हणाली.

"अन् दुकान?"

"सकाळ-संध्याकाळ करीन ना मी. दुपारीच जाईन नालवाडीले."

मी समजूतदार माणूस आहे. फक्त जेवताना म्हटलं की बाईच्या हातून खांबावरचं काम होत नसतं, हसतील लोक. ती म्हणाली, वसतिगृहात खांब नसतात. आई हसली. मला जेवण गेलं नाही.

९ मे
पारा शेहेचाळीसवर. रूपराव आला.

"धीरजभाऊ, गाडी चालू असली का फॅन बराबर हाये. पन ढाब्यावर थांबलो, चाबी काढली, का पानी उसळते. चाबी काढल्यावर पन चालला पायजे."

त्याचं म्हणणं खोटं नाही. रिलेला जागं करणारी वायर दोन ठिकाणांहून आणता येते. रक्षाची पद्धत अशी की हिरवी वायर चाबीवरून येते. चाबी काढली की फॅन मेला. लाल वायर सरळ बॅटरीतून येते. रिले लालवर घेतला तर चाबी असो वा नसो, पाणी तापलं की फॅन फिरणारच. याला आम्ही डायरेक्ट करणं म्हणतो. दहा मिनिटांचं काम.

रक्षा म्हणाली, "नाई करत मी. चाबी काढली का मानूस बिनधास्त हात घालते आत. इंजिन बंद, पन पानी आतल्या आत तापतच राह्यते. पाच मिनिटानं फॅन सुटला तं बोटं राह्यतीन का?"

"अवो, मी ध्यान ठेवीन," रूपराव म्हणाला.

"तुमी ठेवसान. गाडी धुवाले येनारा ठेवीन का?"

गिऱ्हाईक मागतं ते द्यायचं नाही, हा कोणता धंदा? रूपराव मान डोलवत गेला. तिचं सगळ्यांना पटतं.

२२ मे
रक्षा दुपारी जुन्या प्रश्नपत्रिका आणायला वर्ध्याला गेली होती. रूपराव गाडी लावून कापसाच्या जिनकडे गेलेला. मी त्याची गाडी डायरेक्ट करून टाकली.

दुकान माझं आहे. गिऱ्हाईक माझं आहे. वायर शोधायला जरासुद्धा वेळ लागला नाही, लालला गाठ होतीच. हिरवी कापली, लाल जोडली, टेप मारला. रूपराव आल्यावर इंजिन तापवून, चाबी काढून दाखवलं. तीन-चार मिनिटांनी फॅन आपोआप सुरू झाला तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. पहिल्यांदा. रक्षाला मीच सांगतो, असं त्याला म्हटलं.

संध्याकाळी सांगणार होतो. ती अभ्यासाला बसली होती. मग राहिलं.

२५ मे
रक्षाचा उजवा हात फॅनमध्ये गेला. अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट गेलं. तिसरं शिवलं आहे.

अपघात आहे. कोणाचाही दोष नाही.

२६ मे
दवाखान्यातल्या बाकावर लिहितो आहे. आज तिची परीक्षा होती. आत्ता तिकडे हजेरी घेत असतील.

काल काय झालं ते एकदा लिहून ठेवतो. लोक नंतर काहीही म्हणतात. रूपराव अकराच्या सुमारास आला. फॅन खरखर करतो म्हणाला. हायवेवरून वाऱ्यात आला होता, म्हणून तेव्हा फॅन बंदच होता. त्याने चाबी रक्षाच्या हातात दिली आणि तोंड धुवायला समोरच्या हॉटेलात गेला. रक्षाने चाबी पदराला बांधली. गाठ ओढून बघितली. पातं हलवून बघायला हात आत घातला.

मी स्टुलावर बसून चहा पीत होतो. माझ्या डोक्यात आलं होतं की हिला सांगायला पाहिजे. पण ती त्याच वेळी म्हणाली, "उद्या या वेळेले मी परीक्षेले बसली असीन." हसून म्हणाली. मला वाटलं, फॅन सुटला तर जरा दचकेल. हात काढून घेईल. सगळं येतं असं वाटणाऱ्या माणसाने एकदा दचकावं. एवढंच वाटलं, याहून जास्त काही नाही. तोंडात चहाचा घोट होता.

पाती पत्र्याची आहेत, प्लास्टिकची नाहीत, हे माझ्या लक्षात नव्हतं. पाती मीच आणली होती, पण लक्षात नव्हतं.

ती ओरडली नाही. हात बाहेर काढला, बघितला, आणि डाव्या हाताने पदराची गाठ चाचपली. मग खाली बसली. फॅन चालूच होता.

परीक्षेशी याचा काही संबंध नाही.

२९ मे
रक्षा माझ्याशी बोलत नाही. डॉक्टरशी बोलते, आईशी बोलते. एकच वाक्य पुन्हा पुन्हा. "चाबी पदराले होती."

मी सगळ्यांना सांगितलं की आत कुठेतरी वायर शॉर्ट झाली असेल. लोकांना पटलं. रूपराव डोळ्यांत पाणी घेऊन आला होता. मला बाहेर नेऊन विचारलं, "भाऊ, डायरेक्ट हाये हे वहिनीले मालूम नोतं का?"

"होतं," मी म्हटलं. "परीक्षेच्या घाईत विसरली."

दुसरं काय सांगणार होतो? त्याच्याशी उद्याही धंदा करायचा आहे.

४ जून
घरी आणलं. आई तिला भरवते. मी म्हटलं, झालं ते वाईटच झालं, पण परीक्षेचं खूळ तरी डोक्यातून गेलं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि ताट उचलून आत गेली. खरं बोललेलं कोणाला सोसत नाही.

१९ जून
एका डॉक्टरच्या गाडीचं वायरिंग मीच केलं. रक्षाला बाजूला खुर्ची टाकून बसवलं होतं. चाबी फिरवली तर डॅशबोर्डाखालून धूर. सगळा जुडगा जळाला. वायरींचा दर्जा अगदी घसरला आहे. सगळ्या एकाच रंगाच्या देतात आणि वर बिलावर लाल, हिरवी, पिवळी असं लिहितात.

रक्षा खुर्चीतून बघत होती. जोडतानाच बघत होती. म्हटलं, दिसत होतं तर सांगायचं नाही का?

"मले वाटलं, तुमाले दिसते," ती म्हणाली.

१४ जुलै
गिऱ्हाईक येतं, रक्षाचा हात बघतं आणि "मग येतो" म्हणून जातं. मी गेल्या वर्षीपर्यंत सुखी माणूस होतो. या फॅनच्या भानगडीत पडायला नको होतं.

११ ऑगस्ट
ती डाव्या हाताने काम करायला लागली आहे. पाना पडतो, उचलते, पुन्हा पडतो. वायर दातांनी सोलते. उजव्या हाताची उरलेली दोन बोटं आणि अंगठा चिमट्यासारखी वापरते. बघवत नाही. मी बाहेर जाऊन बसतो.

लाल वायरला गाठ मात्र अजून मारते. चार वेळा टेप सुटतो, तरी मारते. आज पहिल्यांदा मला त्या गाठीचं बरं वाटलं. डॉक्टरची गाडी गाठीशिवाय होती, हे उशिरा ध्यानात आलं.

दुपारी तिने एकदाच विचारलं. "तुमाले मालूम होतं का?"

"काय?"

तिने उजवा हात वर धरला. मी म्हटलं, "मले कसं मालूम राहीन?" तिने मान हलवली आणि पाना उचलला. तेवढ्यावर मिटलं.

८ सप्टेंबर
रूपराव आला. इतक्या दिवसांनी प्रथमच दुकानात. मी बँकेत गेलो होतो. परत आलो तर त्याच्या गाडीचं बॉनेट उघडं, रक्षा वाकलेली, आणि रूपराव बाजूला उभा, कोणी थोबाडीत मारल्यासारखा.

मला बघून म्हणाला, "भाऊ, मी सहज बोललो. म्हटलं, वहिनी, डायरेक्ट हाये हे तुमाले मालूम होतं, तरी तुमी कशा विसरल्या. तं थ्या म्हनते..." चाबी तिथेच ठेवून बाहेर गेला.

रक्षाच्या हातात लाल वायरचं टोक होतं. तिने मारलेली गाठ तशीच होती, तिच्याखाली माझा टेप. ती बराच वेळ ते बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल, आईला हाक मारेल, माहेरी जाईन म्हणेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. तिने ब्लेड घेतलं, गाठ कापून काढली आणि माझ्या हातात दिली. मग पुन्हा कामाला लागली.

काहीच झालं नाही. मी उगाच घाबरलो होतो.

३० सप्टेंबर
रक्षा आता गाठी मारत नाही. तीन गाड्या झाल्या, एकीलाही गाठ नाही. टेप वाचतो. काम मात्र मला तपासता येत नाही. सगळा जुडगा एकसारखा गुंडाळते, बाहेर दोन टोकं, दोन्ही मातकट.

म्हटलं, गाठ काऊन नाई मारत?

"गरज काय?" ती म्हणाली.

२ जानेवारी २००२
एजंटाने यंदा डायरी दिली नाही. जुनीतच लिहितो, पानं खूप उरली आहेत. काम पुन्हा वाढलं आहे. तीन बोटांच्या बाईचा फॅन म्हणून लोक वरोऱ्याहूनसुद्धा येतात. बोर्ड कोणी वाचत नाही.

१७ मार्च
आज एका जीपच्या फॅनचा स्क्रू कसायचा होता. रक्षाने चाबी काढली, माझ्यापुढे धरली. "घ्या. घाला हात."

मी म्हटलं, मी गिऱ्हाइकाशी बोलतो आहे. तिने चाबी पदराला बांधली. मग वाकली आणि बॅटरीचं टर्मिनल काढलं. हे ती आता दर वेळी करते. डाव्या हाताने स्क्रू कसला.

ऑगस्टातला तो प्रश्न ती मला रोज विचारते, हे मला आज समजलं. रोज कोणतीतरी गाडी, रोज तीच चाबी. आवाज न चढवता. माझ्या हाताला रोज दुसरं काम निघतं.

३० एप्रिल
तिने परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरला. या वेळी मला दाखवला. २५ मे. "काही म्हननं हाये का?" विचारलं. म्हटलं, डाव्या हाताने कसं जमेल? म्हणाली, "वर्षभर तेच तं करून राह्यली."



२५ मे २००२
बरोबर एक वर्ष. ऊन मागच्यासारखंच.

रक्षा सकाळी सातलाच डबा बांधून तयार होती. आई तिला बसपर्यंत पोचवायला निघाली. मला पोचवायला आई आजवर कधी निघाली नाही. तेवढ्यात रूपरावची टॅक्सी येऊन उभी राहिली. फॅनची जुनी खरखर. सप्टेंबरात रक्षाने नवीन फॅन बसवून वायरिंग बदललं, तेव्हापासून गेली होती, आज पुन्हा. गाडी तापलेली, फॅन बंद. रक्षाने घड्याळ बघितलं, रूपरावकडून चाबी घेतली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"मले बस हाये. एक स्क्रू ढिला असन, बस्स. चाबी तुमच्याजवळ हाये. घाला हात."

"कोनत्या वायरवर घेतली तू ही?" मी हळूच विचारलं.

"बगा ना. रंग दिसतेच."

मी वाकलो. रिलेकडे एक वायर जात होती, मातकट. मी वर बघेपर्यंत ती रस्ता ओलांडून गेली होती. पदराला आज काही बांधलेलं नव्हतं.

टेस्टर लावून बघावं, तर रूपराव शेजारीच उभा. दुकानाच्या मालकाला आपल्याच दुकानातली वायर ओळखता येत नाही, हे त्याच्यासमोर कसं दाखवू? त्यानेच थोड्या वेळाने म्हटलं, "बॅटरीचं टर्मिनल काढून टाका ना भाऊ. मंग कायचं भेव?" आणि माझ्याकडे बघत राहिला. "मागच्या साली पन एवढंच पुरलं असतं. एक नट."

दहा नंबरचा पाना घेतला. टर्मिनल काढलं. वायर बॅटरीपासून वीतभर लांब नेऊन ठेवली, फडकं गुंडाळलं. चाबी खिशात, तीही दोनदा चाचपली. आता त्या फॅनला जगातलं कोणी फिरवू शकत नाही, हे मला कळतं. हात पात्यांपर्यंत नेला. बोटं आत जाईनात. रूपराव म्हणाला, "मी घालू का?" मी म्हटलं, नको, इंजिन थंड होऊ द्या.

तो हॉटेलात जाऊन बसला आहे. तिथून दिसतं त्याला. मी स्टुलावर बसून हे लिहितो आहे. दुपारचे दोन वाजले, पत्रा हात लावू देत नाही. बॉनेट उघडंच ठेवलं आहे. रक्षा सहाच्या बसने येते. ती आली की घालेल हात. तिचा डावा हात त्या फटीत बरोबर बसतो.